पुरुषांसाठीची झिंकची डबी: गोळीला चार तारे, डबीवरच्या घोड्याला एक

आधी गुण देऊन टाकतो, कारण पुष्कळ जण तेवढंच बघायला येतात. गोळी म्हणून पाचपैकी चार. डबीवर जे छापलंय त्याला एक, तोही छपाई सुबक आहे म्हणून. सरासरी काढून अडीच देता आले असते, पण त्यातून कुणालाच काही कळलं नसतं.

माल असा: साठ गोळ्यांची काळी डबी, सोनेरी झाकण, समोर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा. घोड्याखाली 'पुरुषांसाठी झिंक' आणि त्याखाली जोम, स्टॅमिना, परफॉर्मन्स असे तीन शब्द. सवलत जाऊन किंमत ५४९ रुपये. ब्रँडचं नाव लिहीत नाही. अशा डब्या ॲपवर डझनाने आहेत, घोड्याच्या जागी कुठे सिंह, कुठे बैल. आत थोड्याफार फरकाने तेच असतं, त्यामुळे एकीबद्दल लिहिलेलं बाकीच्यांनाही बऱ्यापैकी लागू पडेल.

डबी पाकिटबंद येईल, बाहेरून काही कळणार नाही, असं वचन होतं. खोका खरंच कोरा होता. पण वर चिकटवलेल्या बिलावर मालाचं पूर्ण नाव मोठ्या टायपात. आमच्या सोसायटीचा गार्ड प्रत्येक पार्सलवरचं मोठ्याने वाचून रजिस्टरमध्ये लिहितो. त्याने तेही वाचलं. मी म्हटलं, "हो, आपलंच आहे, द्या इकडे." विषय संपला. ज्यांना लपवायचं असेल त्यांनी एवढी नोंद घ्यावी.

आता मी कोण, ते सांगतो, कारण त्याचा इथे संबंध आहे. माझी नोकरी झिंकमध्येच आहे. नागपूरजवळ बुटीबोरी एमआयडीसीत विजेच्या टॉवरचे अँगल आणि प्लेटा गॅल्व्हनाइज करतात, म्हणजे गंजू नयेत म्हणून वितळलेल्या झिंकमध्ये बुडवतात, तिथे मी शिफ्ट इन्चार्ज. झिंक ४१९ अंशांना वितळतं, आमची केटल, म्हणजे वितळलेल्या झिंकची टाकी, ४५० च्या आसपास चालते, आणि टनावारी वितळलेलं झिंक रोज डोळ्यांसमोर असतं. डबीची बातमी खात्यात पोचली असती तर रिटायर होईपर्यंत सुटका नव्हती. "साहेब, विकत काऊन घेता, केटलपाशी उभे राहत जा ना," हे कुणीतरी म्हणालंच असतं. चेष्टेचा भाग सोडा, पण असं खरंच मानणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. माल केटलमध्ये बुडवताना उठणारा पांढरा धूर बहुतांश फ्लक्सचा, म्हणजे आधी मालाला लावलेल्या क्षारांचा असतो. आणि गॅल्व्हनाइज केलेल्या मालावर वेल्डिंग केलं की झिंकचा जो धूर छातीत जातो, त्याने जोम येत नाही. थंडी वाजून ताप येतो. वेल्डर त्यावर गूळ खातात. ताप एक-दोन दिवसांत आपला आपण उतरतो आणि श्रेय गुळाला मिळतं. ही गुळाची गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

वय माझं ५२. साखर सहा वर्षांपासून, बीपीची गोळी त्याच्याही आधीपासून. गेलं वर्षभर ताठरता नीट येईना, आली तर टिकेना. इच्छा मात्र होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि डबीवाले त्या मुद्दाम एकत्र करतात, म्हणून आधीच सांगितलं.

आपल्याकडे यावर बोलायच्या जागा दोनच. एक, रेल्वेलाइनच्या भिंतीवर रंगवलेला गुप्तरोगवाल्याचा नंबर. दुसरी, मित्रांचे विनोद. मी तिसरीकडे गेलो, धंतोलीत, माझ्या साखरेच्या डॉक्टरांकडे. वयाने माझ्या पुतण्याएवढे, मला काका म्हणतात. त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं नाही की आवाज खाली आणला नाही. पाच प्रश्नांचा एक कागद दिला. एकूण गुण २५. २२ किंवा त्याहून जास्त असाल तर ठीक. माझे १३ भरले. मग विचारलं, "काका, सकाळी जाग येताना असते का ताठरता?" पूर्वी असायची, आता क्वचित. सकाळी व्यवस्थित असेल आणि जोडीदाराजवळच अडचण येत असेल तर दोष बहुधा मनाच्या ताणाचा असतो. सकाळचीही गेली असेल तर रक्तवाहिन्या, नसा, हार्मोन यांच्याकडे बघावं लागतं. मग तपासण्या लिहिल्या: तीन महिन्यांची साखर, चरबी, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आणि हृदयाची टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करतात ती). टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी आठ ते दहाच्या दरम्यानच द्यायचं, कारण दिवस चढतो तसा आकडा उतरतो. मी म्हटलं, "रक्तातलं झिंकही लिहा." ते हसले, पण लिहिलं.

रिपोर्ट आले. तीन महिन्यांची साखर ८.४, म्हणजे माझ्या समजुतीपेक्षा बरीच वाईट. टेस्टोस्टेरॉन ४३०, ३०० च्या खाली गेलं तर कमी म्हणतात, म्हणजे तिकडे सगळं जागेवर. झिंक ६४, लॅबची खालची मर्यादा ७०. डॉक्टर म्हणाले, झिंकचा हा आकडा जेवणाने, साध्या सर्दीतापानेही हलतो, तेव्हा त्याला फार डोक्यावर घेऊ नका. पण किंचित कमी आहे हे खरं. "घ्यायची तर घ्या. दिवसाला एकच, जेवणानंतर, तीन महिने. आणि सगळं यानेच होईल म्हणून वाट बघत बसू नका." डबी मी या बोलण्यानंतर मागवली.

आता लेबल. माझ्या कामात झिंकची प्रत्येक लॉट टेस्ट सर्टिफिकेट घेऊन येते. ९९.९९५ टक्के झिंक, आणि उरलेल्या अंशात शिसं किती, कॅडमियम किती, लोखंड किती, सगळं वेगवेगळं लिहिलेलं. त्या सवयीने मी कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघतो. समोर घोड्याच्या टापांपाशी मोठ्या अक्षरांत ५० मिग्रॅ. मागे, भिंग लागेल अशा अक्षरांत: झिंक सायट्रेट ५० मिग्रॅ, त्यातून मिळणारं झिंक १६ मिग्रॅ. म्हणजे समोरचा आकडा क्षाराचा, शरीराच्या कामाचा आकडा मागचा.

यात बेकायदा काही नाही, पण गिऱ्हाईक इथेच गोंधळतं. झिंक नुसत्या धातूच्या रूपात कुणी गिळत नाही. ते कशाला तरी बांधलेलं येतं. सायट्रेटमध्ये जवळपास तिसरा हिस्सा झिंक. सल्फेटमध्ये त्याहून कमी: २२० मिग्रॅच्या गोळीत ५० मिग्रॅ. ग्लुकोनेटमध्ये सातवा हिस्सा, त्यामुळे 'झिंक ग्लुकोनेट ५०' लिहिलेल्या डबीत झिंक असतं जेमतेम ७. ऑक्साइडमध्ये ८० टक्के असतं, पण अंगाला कमी लागतं. माझ्या डबीने निदान मागे तरी खरा आकडा छापला. सिंहवाल्या एका डबीचे फोटो मी मोठे करून करून बघितले, त्यावर तो कुठेच नव्हता.

आणि १६ हा आकडा चांगला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात भारतीय प्रौढ पुरुषाला दिवसाला १७ मिग्रॅ झिंक सांगितलंय, आणि सुरक्षित वरची मर्यादा साधारण ४० धरतात. जेवणातलं आणि गोळीतलं मिळून मी मर्यादेच्या पुष्कळ आत राहत होतो. चार तारे यासाठी. जास्त ताकदीची गोळी म्हणजे जास्त चांगली, असं समजून ५० मिग्रॅ खऱ्या झिंकच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाणारे लोक आहेत. कोविडच्या दोन वर्षांत तर घरोघरी पट्ट्या होत्या. फार दिवस जास्त झिंक घेतलं की आतड्यात तांब्याचं शोषण अडतं. तांबं घटलं की रक्त कमी होतं, पाय बधिर होतात, चाल बिघडते. मधुमेह्याचे पाय आधीच बधिर व्हायच्या वाटेवर असतात, आणि मग दोष कुणाचा हे शोधायला दोन डॉक्टर लागतात. मोफत सल्ला: या डबीवर 'दिवसाला दोनही घेऊ शकता' असं लिहिलेलं आहे, ते सोडून द्या.

पाचवा तारा का कापला? डबीवर 'कधीही घ्या' असं आहे. रिकाम्या पोटी झिंक घेतलं की मळमळतं, हे औषधवाल्या कुणालाही माहीत असतं. सकाळच्या चहासोबत घेतली त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये वर्धा रोडभर मी खिडकीला डोकं लावून बसलो होतो. रात्री जेवून घेतल्यावर काही त्रास नाही. शिवाय ॲंटिबायोटिकचं नाव नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लीन चालू असेल तर झिंक त्यांना पोटातच बांधून ठेवतं आणि औषध वाया जातं. ॲंटिबायोटिक झिंकच्या निदान दोन तास आधी घ्यायचं, नाहीतर झिंकनंतर बऱ्याच उशिरा. ही एक ओळ घोड्याच्या शेपटीखाली सहज मावली असती.

आता घोडा. डबीवर समोर परफॉर्मन्स, मागे इंग्रजीत ठळक अक्षरांत 'औषधी उपयोगासाठी नाही'. ही मागची ओळ कायद्याने टाकावीच लागते, कारण हा माल औषध म्हणून नव्हे, अन्नाच्या परवान्यावर विकला जातो. ताठरता हा शब्द मात्र कुठेच नाही. तो टाकता येत नाही: १९५४ च्या औषध व जादूटोणा उपाय कायद्याने लैंगिक सामर्थ्य वाढवण्याच्या जाहिराती बंद आहेत. मग शब्दाचं काम घोड्याला दिलंय. उरलेलं काम ॲपवर खाली अभिप्राय लिहिणारे गिऱ्हाईक फुकटात करतात: 'आठ दिवसांत फरक', 'बायको खुश'. सत्तर वर्षांचा कायदा घोड्याच्या चित्राला काही करू शकत नाही, हे बघून मला हसू आलं.

पण झिंकचा आणि या विषयाचा संबंध हवेतून आलेला नाही, हेही सांगायला हवं. त्याची गोष्ट मोठी आहे आणि तिचा नायक आपल्याकडचा, बिहारमधल्या बक्सरचा. डॉ. आनंद प्रसाद १९५८ च्या सुमारास इराणमध्ये शिराझला होते. त्यांच्याकडे विशीतला एक रुग्ण आला, तो दिसायला दहा वर्षांचा पोरगा. उंची खुंटलेली, दाढीमिशी नाही, लिंग लहान मुलासारखं, रक्त कमी. खाणं काय, तर न आंबवलेल्या पिठाची रोटी, मांस जवळजवळ नाही, आणि माती खायची सवय. असे आणखी रुग्ण निघाले. नुसत्या रक्ताच्या कमतरतेने वयात येणं अडत नाही, म्हणून प्रसादांनी झिंकवर बोट ठेवलं. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांना झिंक दिल्यावर काही महिन्यांत उंची वाढली आणि तारुण्याची लक्षणं दिसू लागली. त्याआधी माणसाला झिंक कमी पडू शकतं हेच कुणी मानत नव्हतं. न आंबवलेल्या धान्यातलं फायटेट झिंकला धरून ठेवतं आणि ते अंगाला लागू देत नाही, ही त्यातली मेख. भाकरी-वरणावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती नीट वाचण्यासारखी आहे.

याच प्रसादांचं १९९६ चं काम डबीवाले आपल्या साइटवर अर्धं सांगतात. अमेरिकेत हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या निरोगी तरुणांना त्यांनी झिंक कमी असलेलं जेवण दिलं. वीस आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन ३९.९ वरून १०.६ वर आलं (त्यांचं एकक वेगळं आहे, आपल्या लॅबच्या आकड्याशी ताडू नका). आणि ज्या वयस्कर पुरुषांत झिंक थोडं कमी होतं त्यांना सहा महिने झिंक दिल्यावर ते ८.३ वरून १६ वर गेलं. साइटवर दुसरा आकडा ठळक आहे. 'ज्यांत झिंक कमी होतं' हे शब्द गायब आहेत. ज्यांच्यात झिंक पुरेसं आहे त्यांना वरून दिलं तर काय होतं, तेही जर्मनीत कोलोनमधल्या संशोधकांनी २००९ साली तपासलं: टेस्टोस्टेरॉन हललं नाही.

आमच्या खात्यात नवा पोरगा आला की हे शिकायला त्याला एक शिफ्ट लागते. अँगलवरचा गंज पिकलिंगमध्ये, म्हणजे ॲसिडच्या टाकीत, नीट निघाला नसेल तर केटलमध्ये कितीही झिंक ओता, कोट बसत नाही, काळे डाग राहतात. तेव्हा सुपरवायझर झिंकची आणखी लादी टाकायला सांगत नाही, ॲसिडची टाकी तपासायला सांगतो.

माझं ॲसिड कुठे कमी पडत होतं? डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. इच्छा झाली की नसांतून निरोप जातो, लिंगातल्या रक्तवाहिन्यांत नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यामुळे सायक्लिक जीएमपी नावाचा पदार्थ तयार होतो, आतले स्नायू सैल पडतात आणि रक्त भरून राहतं. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, तो पदार्थ मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, म्हणून भरलेलं रक्त टिकतं. साखर अनेक वर्षं वाढलेली असेल तर नसाही खराब होतात आणि वाहिन्यांचं अस्तरही. यात झिंक कुठे? नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमचे दोन भाग जोडून ठेवायला झिंक लागतं. डबीवाले एवढं सांगून थांबतात. मी पुढे विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, सायक्लिक जीएमपी मोडणाऱ्या एन्झाइमच्या पोटातही झिंकच आहे! म्हणजे ताठरता आणणाऱ्यातही झिंक आणि उतरवणाऱ्यातही. 'प्रक्रियेत झिंक असतं' एवढ्यावरून गोळी खायची तर ती कुठल्या बाजूला मदत करेल ते घोड्यालाच विचारावं लागेल.

झिंक कमी पडलं तर मुख्य फटका टेस्टोस्टेरॉनच्या वाटेने बसतो, आणि माझं टेस्टोस्टेरॉन ठीक होतं. डायलिसिसवरच्या पुरुषांत झिंक घटतं आणि ताठरताही जाते. १९८२ च्या एका चाचणीत त्यांना झिंक दिल्यावर फायदा दिसला, इतर काही चाचण्यांत दिसला नाही. जिथे तूट मोठी तिथेही पक्कं सांगता येत नाही, तर ६४ वाल्याला काय सांगणार.

मग ६४ का? याचं उत्तर माझ्याच औषधाच्या पुड्यात निघालं. बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' होता. त्या एचचा अर्थ हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं औषध. त्याने लघवीवाटे झिंक जास्त जातं, साखर वाढलेली असली तरी जातं, आणि ताठरतेची तक्रारही त्या औषधावर काही पुरुषांत येते. डॉक्टरांनी एच काढून दुसरी गोळी दिली. (स्वतःहून कुणी बंद करू नका. बीपी चढलं तर ताठरता हा सर्वांत लहान प्रश्न उरेल.) साखरेची औषधं बदलली. टीएमटी करायला लावली, कारण लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या आणि हृदयाच्या तीन-चारच्या. चरबी साचायची तर लहान नळी आधी बोलते, कधीकधी हृदयाच्या काही वर्षं आधी. माझी टीएमटी व्यवस्थित आली. पण खात्यातल्या, माझ्याच वयाच्या एकाला हेच सगळं झालं होतं, तो दोन वर्षं शिलाजीत खात राहिला आणि आता त्याच्या छातीत स्टेंट आहे. शिलाजीतने झालं असं म्हणत नाही. दोन वर्षं गेली, एवढंच.

फरक पडला का? पडला. तीन महिन्यांनी तो पाच प्रश्नांचा कागद पुन्हा भरला, १९ आले. रक्तातलं झिंक ८२, तीन महिन्यांची साखर ७.१. आता हिशेब लावा: या काळात बीपीची गोळी बदलली, साखर उतरली, रात्रपाळी सुटली, संध्याकाळी फुटाळा तलावाकाठी चालणं सुरू झालं, आणि अधूनमधून डॉक्टरांनी लिहिलेली सिल्डेनाफिल होती. त्यात ५४९ रुपयांच्या डबीचा वाटा किती? वेल्डरच्या गुळाइतकाच असेल, कदाचित थोडा जास्त, कारण माझं झिंक खरंच कमी होतं. मी ॲपवर 'आठ दिवसांत फरक' लिहिणार नाही. आठ दिवसांत काहीच झालं नव्हतं, तोंडात धातूची चव सोडून.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "अहो, त्या डबीचं मला नका सांगू. तुम्ही रात्रपाळी सोडली आणि मुख्य म्हणजे तोंड उघडून सांगितलं, तेव्हापासून घरातलं वातावरण सुधारलं. आधी तर तुम्ही टीव्हीपुढे झोपायचं नाटक करत होते." हे तिचं मत तिच्याच शब्दांत दिलं. माझ्या मते ते सगळ्यात अचूक आहे.

पैशाच्या दृष्टीने बघायचं तर, झिंकची गोळी मेडिकलमध्ये घोड्याशिवायही मिळते. साध्या झिंकच्या पट्ट्या याच्यापेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात, फक्त त्यांत बहुधा ५० मिग्रॅ खरं झिंक असतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये. लहान मुलांच्या जुलाबात ओआरएससोबत अंगणवाडीतून मिळते ती विरघळणारी २० मिग्रॅची गोळीही शेवटी झिंकच. माझ्या डबीचे जास्तीचे पैसे काळ्या प्लास्टिकचे आणि सोनेरी झाकणाचे.

आणि ज्यांना रिपोर्टात तूट नाही त्यांच्यासाठी ताट पुरेसं आहे. शंभर ग्रॅम तिळात सात-आठ मिग्रॅ झिंक, भोपळ्याच्या बियांत जवळपास तेवढंच, मटणात चारच्या पुढे. मटणातलं अंगाला सहज लागतं, म्हणून रविवारच्या सावजीला माझा वैद्यकीय पाठिंबा आहे, तेलाच्या तर्रीला नाही. शाकाहारी घरात मटकीला मोड आणा, डाळ भिजवा, ज्वारीची आंबील करा; भिजवल्या-आंबवल्याने फायटेट कमी होतं. सगळ्यात जास्त झिंक समुद्रातल्या कालवांत असतं, पण ती रत्नागिरीकरांची चैन. नागपुरात कालवं कुठून आणणार बाप्पा!

एक धोका वेगळा सांगतो, कारण तो या डबीचा नाही पण शेजारच्या डब्यांचा आहे. गोळी घेतल्यावर तासाभरात दणकून फरक पडला, तर ती झिंकची करामत नव्हे. झिंक इतक्या लवकर काहीच करत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कितीतरी पुड्यांत लपवून घातलेलं सिल्डेनाफिल सापडलेलं आहे. ज्याला छातीच्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची दुसरी गोळी चालू आहे, त्याच्या पोटात हे न सांगता गेलं तर बीपी एकदम कोसळतं. माणूस जातो. डॉक्टरांनी मला सिल्डेनाफिल लिहून देण्याआधी पहिला प्रश्न सॉर्बिट्रेटचाच विचारला होता. पुड्यावाला तो विचारत नाही.

मग घ्यावी का? तपासणीत झिंक कमी निघालं असेल, शाकाहारी असाल, जुलाबाचा जुना आजार असेल, दारू फार असेल किंवा माझ्यासारखी एचवाली गोळी असेल, तर डॉक्टरांना विचारून तीन महिने घ्या. गोळी चांगली आहे. दारूवाल्याने आधी दारूचं बघावं, ती झिंकही घालवते आणि ताठरताही. पंचविशीतला पोरगा असाल, सकाळची ताठरता व्यवस्थित असेल आणि पहिल्या-दुसऱ्या वेळी घाबरून जमलं नसेल, तर ५४९ रुपये जपून ठेवा, तुमच्यात कशाचीच तूट नाही. चाळिशी ओलांडली असेल आणि साखर कधी तपासलेलीच नसेल तर तेवढ्याच पैशांत ती तपासून येते.

कंपनीच्या हेल्पलाइनवरून परवा फोन आला. पोरीने विचारलं, "सर, रिझल्ट कसा आहे?" मी तिला ८२ सांगितलं. तिला वाटलं मी वय सांगतोय, म्हणाली, "वा सर, या वयात!" मग तीन डब्यांचा कॉम्बो सुचवला. मी म्हटलं, एक काम करा, तो १६ चा आकडा समोर मोठ्या अक्षरांत छापा आणि जेवणानंतर घ्या असं लिहा, मग पाचवा तारा देतो. तिने लिहून घेतलं. संध्याकाळी मेसेज आला: तुमच्या मौल्यवान सूचनेबद्दल आभार, पुढच्या खरेदीवर वीस टक्के सवलत. कूपन महिनाअखेरपर्यंत चालतं. मला नको आहे. रिपोर्टात तूट निघालेल्या कुणाला हवं असेल तर घेऊन जा.